एक बोट कमी

३ फेब्रुवारी

चि. बारक्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. खोकला अजून आहे असं लिहितोस आणि औषध घेतोस की नाही ते मात्र लिहीत नाहीस. मी दिवसभर दवाखान्यात औषधांच्या खिडकीत बसून अख्ख्या गावाला गोळ्या वाटते, आणि माझा सख्खा भाऊ तिकडे खोकत बसतो. कमाल आहे तुझी!

आता मुख्य बातमी. आपले बाबा तैलचित्र काढायला शिकतायत. हसू नकोस, आधी मीही हसले होते. चाळीस वर्षं दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवणारा माणूस, आयुष्यात कधी साधं फूल काढलं नाही, आणि आता घरभर टर्पेंटाइनचा वास. माझ्या साड्यांना येतो, उशांना येतो. आमचे हे तर म्हणतात की भातालासुद्धा येतो.

ते शिकवणाऱ्या बाईंची रीत अशी आहे म्हणे, की एकच थोर चित्र घ्यायचं आणि तेच हुबेहूब काढत काढत शिकायचं. बाबांनी संग्रहालयातली 'वळणावरची नदी' घेतलीय. आठवतं ना? आपल्या बिस्किटांच्या डब्यावर होती तीच. तू सारखा विचारायचास, वळणापुढे काय आहे म्हणून. डबा अजून आहे, मी त्यात बटणं ठेवते. सोमवारी आणि गुरुवारी बाबा परवाना दाखवून मूळ चित्रासमोर बसतात, बाकीचे दिवस मागच्या खोलीत, आणि दार बंद.

त्या बाई पूर्वी संग्रहालयातच जुनी चित्रं दुरुस्त करायच्या, आता निवृत्त आहेत. मी त्यांना चित्रबाई म्हणते, अर्थात पाठीमागे. शिकवण्याचं त्या काहीएक घेत नाहीत. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकते. कोण कुणाला असं फुकट शिकवतं रे?

पण एक खरं सांगते. आई गेल्यापासून दोन वर्षांत पहिल्यांदाच बाबा जेवताना बोलतात. ढगांबद्दल बोलतात, पण बोलतात. संग्रहालय एप्रिलअखेर दुरुस्तीसाठी बंद होणार आहे, दोन वर्षं. चित्रं सगळी पेट्यांत जाणार. त्याआधी आपलं चित्र पुरं करायचं म्हणून त्यांची नुसती धावपळ चाललीय. झालं पुरं तर बरंच आहे, नाही का?

औषध घे. आणि पत्राला तुझ्या फाइलींसारखा उशीर लावू नकोस.

तुझी
ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

औषध घेतो. पुरे झालं का?

तुझ्या बातमीने मला हसू आलं नाही. तू विसरलीस, पण त्या संग्रहालयाचा विमा आमच्याच कंपनीकडे आहे, आणि मी त्याच कंपनीत तपासनीस आहे. मागच्या वर्षीचं एक प्रकरण सांगतो. एक म्हातारे गृहस्थ, सज्जन, छंद म्हणून नकला करायचे. त्यांच्या ओळखीचा एक जण त्यांना रंग आणून द्यायचा, कौतुक करायचा. एक दिवस कळलं की भिंतीवर लटकलंय ते म्हाताऱ्याचं चित्र, आणि मूळ चित्र केव्हाच पसार झालंय. म्हाताऱ्याला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. पण पोलीस पहिल्यांदा त्याच्याच घरी गेले.

आता जरा विचार कर. चित्रबाईंना संग्रहालयाचा कोपरा न् कोपरा ठाऊक. बाबांचं आयुष्य खोटे दात खरे वाटतील असे बनवण्यात गेलेलं. असा विद्यार्थी शोधूनही सापडायचा नाही.

म्हणून विचारतो. मुद्दा पहिला, कापड आणि रंग कोण आणतं? मुद्दा दुसरा, दार बंद कशासाठी? मुद्दा तिसरा, त्या बाई घरी येतात का, आणि आल्या तर काय बघतात? तू मला मुद्देसूदबुवा म्हणशील, खुशाल म्हण. बाबांना मात्र यातलं काही बोलू नकोस. ते सरळ जाऊन बाईंनाच सांगतील.

माया आहे तशीच ठेव.

तुझा
बारक्या


१९ फेब्रुवारी

चि. बारक्यास आशीर्वाद.

तू चित्राची चौकशी केलीस असं ताई म्हणाली. बरं वाटलं. तुला यात गोडी असेल असं वाटलं नव्हतं, म्हणून कधी लिहिलं नाही. आता विचारलंच आहेस तर ऐक.

पहिली गोष्ट, आकाश निळं नसतं. मी निळ्या रंगाची अख्खी नळी पिळून बसलो होतो. चित्रबाईंनी ती बाजूला केली आणि आधी नीट बघा म्हणाल्या. तासभर बघितलं. करडं होतं, पिवळट होतं, खाली टेकडीजवळ गुलाबी, अगदी निरोगी हिरडीचा असतो तसा. तो गुलाबी मला एका झटक्यात जमला. बाई चकित झाल्या. म्हटलं, बाई, हा रंग मी चाळीस वर्षं कालवलाय.

दुसरी गोष्ट, आधी पातळ आणि मग तेलकट. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, वरचे थर जवसाच्या तेलाचे. उलट केलं की वरचा थर आधी वाळतो, खालचा मागाहून हलतो, आणि चित्राला तडे जातात. मधे आठ-आठ दिवस थांबावं लागतं. चित्रबाई म्हणतात की चित्रकलेतलं निम्मं काम वाट बघण्याचं असतं.

एक गंमत झाली. पहिल्याच दिवशी मी रखवालदाराला म्हटलं, या चित्राची मागची बाजू दाखवता का? कवळी हातात आली की मी आधी आतून बघतो, करणाऱ्याचा हात तिथे कळतो. मीसुद्धा प्रत्येक कवळीत आतल्या अंगाला, जीभ लागणार नाही अशा जागी, एक बारीक खाच करून ठेवायचो. वर्षांनी दुरुस्तीला आली तरी बोट फिरवलं की कळायचं, ही माझी. पण रखवालदाराला हे काय माहीत! त्या दिवसापासून तो माझ्या खुर्चीमागेच उभा असतो.

आणखी एक, हे फक्त तुझ्यापाशी. चित्रबाई म्हणतात, चित्राकडे पाठ करून ते आरशात बघावं, चुका लगेच डोळ्यात भरतात. म्हणून मी तुझ्या आईचा हातआरसा घेऊन जातो. ताईने तो कपाटात जपून ठेवलाय. मागितला असता तर तिच्या डोळ्यांना पाणी आलं असतं, म्हणून सोमवारी आणि गुरुवारी गुपचूप कोटाच्या खिशात घालतो आणि आल्यावर जागच्या जागी ठेवतो. चित्रबाईंना वाटतं माझाच आहे. ताईला बोलू नकोस.

वेळ मिळेल तसं लिही. आणखी काय विचारायचं असेल तर विचार, मी सांगेन.

बाबा


८ मार्च

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

तुझी ती म्हाताऱ्याची गोष्ट वाचल्यापासून मला जिकडेतिकडे चोर दिसायला लागलेत. परवा दूधवाल्याकडेसुद्धा टक लावून बघितलं.

तुझ्या मुद्द्यांची उत्तरं देते. कापड चित्रबाईंनी आणलं, तेसुद्धा नवं नाही. जुन्या बाजारातून कुणातरी आजोबांचं चित्र आणलं, काळं पडलेलं, मागे गंजके खिळे. आजोबांना खरवडून काढलं आणि त्याच कापडावर आता आपली नदी. मी म्हटलं, नवं कापड मिळत नाही का? तर बाई म्हणाल्या, जुनं कापड एकदा बसलेलं असतं, ते पुन्हा दगा देत नाही. मला ते काही पटलं नाही.

दार बंद का, तर म्हणे धूळ बसते. आजवर याच खोलीत मी झाडू मारायचे तेव्हा यांना धूळ दिसत नव्हती.

बाई मंगळवारी आल्या होत्या. चहा घेतला, गोड बोलल्या आणि आपला बिस्किटांचा डबा उचलून खिडकीशी नेऊन उलटसुलट करून बघत बसल्या. मी स्वयंपाकघरातून बघत होते.

आणि हे वाचून तू खुर्चीतून उठशील. काल कचऱ्याच्या डब्यात एक कागद सापडला. त्यावर त्या जुन्या चित्रकाराची सही, वीस-पंचवीस वेळा. वरची सही वेडीवाकडी, खालची अगदी झोकात. अक्षर बाबांच्या हातचं. कागद मी जाळला. जपून ठेवायला हवा होता का? तूच सांग. बाबांना तोंडावर विचारायचा धीर मला होत नाही.

काळजीत आहे. लवकर लिही.

तुझी
ताई


१५ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

कागद जाळायला नको होता. असो.

जुनं कापड, गंजके खिळे, सहीचा सराव. त्यात बाबांनी मला स्वतःच लिहिलंय की त्यांनी रखवालदाराकडे चित्राची मागची बाजू मागितली. ताई, हौशी माणूस पुढची बाजू बघतो. मागची बाजू कुणाला लागते ते मला नोकरीमुळे माहीत आहे. कुठेतरी पाणी मुरतंय, आणि बाबा त्यात गळ्यापर्यंत आहेत. त्यांना कळतंय की नाही एवढाच प्रश्न आहे.

आता एकच काम कर. नक्कल मूळ मापाची असता कामा नये, असा सगळ्या संग्रहालयांचा नियम असतो, म्हणजे अदलाबदल होत नाही. मूळ चित्र आमच्या कागदांत पंचावन्न इंच बाय एकेचाळीस आहे. बाबा बाहेर गेले की तुझी शिवणाची टेप घे आणि मोज. माप वेगळं आलं तर मी तुझी आणि बाबांची, दोघांची माफी मागतो आणि चित्रबाईंना साडी घेतो.

खरं सांगू? बाबांचं पत्र मी तीनदा वाचलं. आयुष्यात त्यांनी मला एवढं लांब पत्र लिहिलेलं नाही. परीक्षेत पहिला आलो तेव्हा दोन ओळी आल्या होत्या. आता मात्र पानंच्या पानं, आणि प्रत्येक पानावर चित्रबाई म्हणतात, चित्रबाई म्हणतात.

टेपचं विसरू नकोस.

तुझा
बारक्या


२७ मार्च

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद.

मोजलं. पंचावन्न आणि एकेचाळीस, अगदी तंतोतंत. दोनदा मोजलं. चित्र ओलं असतं ना, बसमध्ये कुणाचा हात लागू नये म्हणून बाबांनी चारी कडांना लाकडी पट्ट्या ठोकल्यात. पट्टीला रंग लागलेला नव्हता म्हणून बरं, नाहीतर टेपवर डाग पडून चोरी उघडी पडली असती.

पण बारक्या, मोजून झाल्यावर मी जरा वेळ तिथेच उभी राहिले. चित्र सुंदर झालंय रे. मला त्यातलं काही कळत नाही, पण झाडाखाली सावलीत गारवा वाटतो. फक्त उजवीकडचा खालचा कोपरा राहिलाय, नदी वळते तो. तिथे नुसता तपकिरी रंग आहे. तेवढ्यासाठी अजून तीन-चार वेळा मूळ चित्रासमोर बसायला लागेल म्हणाले.

काल बाबा दात घासताना गाणं गुणगुणत होते. मी बाहेर उभी राहून ऐकलं. आई असताना गुणगुणायचे तेच. म्हणून तुला कळकळीने सांगते, घाईने काही करू नकोस. चित्र एकदा पुरं होऊ दे. मग तू ये, समोर बसून विचारू त्यांना. चोर असतील तर आपले बाबा आहेत, आणि नसतील तर आपणच गाढव.

तुझी
ताई


२ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तू निश्चिंत राहा, मी काही करणार नाही. सध्या कामाची गडबड आहे, म्हणून एवढंच.

तुझा
बारक्या


१८ एप्रिल

चि. बारक्यास आशीर्वाद.

सोमवारी जे झालं ते चित्रबाईंकडून कळलं, आणि लिहायला आज कुठे लेखणी धरवतेय.

बाबा नेहमीसारखे चित्रासमोर बसले होते. साहेब आले, संग्रहालयाचे मुख्य, बरोबर दोन रखवालदार. कुणीतरी निनावी पत्र पाठवलं होतं. साहेबांनी ते तिथेच, बघायला आलेल्या लोकांच्या देखत मोठ्याने वाचून दाखवलं. बाबा आणि चित्रबाई मिळून मूळ चित्र पळवणार आहेत, असं त्यात होतं. मग बाबांचं चित्र जमिनीवर ठेवलं, कडेच्या पट्ट्या उचकटल्या आणि टेप लावली. आणि काय निघालं माहीत आहे? चारी बाजूंनी एक-एक बोट कमी! नियमाप्रमाणेच होतं ते पहिल्यापासून. मी मूर्खासारखी पट्ट्यांसकट मोजलं होतं. हे मी तुला कोणत्या तोंडाने सांगतेय ते माझं मला ठाऊक.

सहीचंही कळलं. बाबांना वाटलं सहीसुद्धा चित्रातलीच, जे दिसतं ते सगळं काढायचं. म्हणून बसून गिरवली. चित्रबाई पोट धरून हसल्या म्हणे, आणि सांगितलं की अहो, दुसऱ्याची सही तेवढी काढायची नसते. चित्रावर ती कुठेच नाहीये. कवळी बनवणाऱ्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार!

साहेबांनी माफी मागितली. पण लेखी तक्रार आली की वरून कागद येईपर्यंत परवाना बंद, असा नियम आहे. कागद यायला महिना लागतो, आणि संग्रहालय तर बारा दिवसांत बंद होतंय. कोपरा राहिला तो राहिलाच. चित्रबाईंकडे तळघरातल्या कामाच्या खोलीची किल्ली होती, तीस वर्षांची. तीही काढून घेतली.

बाबा बसने घरी आले. ओलं चित्र पट्ट्यांशिवाय छातीशी धरून आणलं, कोटाला सगळं आकाश लागलंय. मी काही विचारायच्या आत म्हणाले की ब्रश धुवायचेत. तासभर ब्रश धूत होते. तेव्हापासून पुन्हा गप्प. जेवतात आणि उठतात.

त्या पत्रात कसल्याशा आरशाचंही होतं म्हणे, मला तर काही बोध झाला नाही. बाबांना विचारलं तर त्यांनी नुसती मान हलवली.

बारक्या, तू तपासनीस आहेस ना? मग त्या मेल्याला शोधून काढ. कोण असेल तो असो. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडातला घास काढून घेतला त्याने. मला त्याला एकदा समोर बघायचंय.

तुझी
ताई


२५ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून फार वाईट वाटलं.

शोधण्याबद्दल लिहितेस, पण टाइप केलेल्या पत्राचा माग लागत नाही. अशा गोष्टींच्या मागे लागून मनस्तापच होतो. सोडून दे. बाबांना म्हणावं, संग्रहालय दोन वर्षांनी उघडेल तेव्हा पुरं करा.

मापाचं मनाला लावून घेऊ नकोस. तुझी काही चूक नाही.

बारक्या


२९ मे

चि. बारक्यास आशीर्वाद.

सोबत चित्र पाठवतोय. पेटी चित्रबाईंनी सुताराकडून करून घेतली. आठ खिळे आहेत, घाईने उपटू नकोस. चित्र उन्हात ठेवू नकोस. वरून वार्निश लावायचं राहिलंय, ते सहा महिन्यांनी लावतात.

कोपरा मी पुरा केला. मूळ चित्र पेटीत गेलं, तेव्हा म्हटलं निदान डब्यावर बघून काढू. डबा आणला, तर नेमका तोच कोपरा आपल्या सगळ्यांच्या अंगठ्यांनी पुसून गेलेला. झाकण उघडायची जागा ती. सर्वांत जास्त तूच उघडायचास. चित्रबाई म्हणाल्या, आता मनातून काढा. मी आयुष्यात मनातून काही बनवलेलं नाही. कुणाच्या तरी तोंडाचा साचा समोर असायचाच. आठ दिवस ब्रश धरून नुसता बसलो. मग काढलं. पाणी वळून थोडं उथळ होतं आणि काठावर एक माणूस बसलाय. तू लहानपणी विचारायचास, वळणापुढे काय आहे, तेव्हा मी म्हणायचो असेल काहीतरी, जा खेळ. आता मलाच शोधावं लागलं. फार काही जमलेलं नाही. पाणी चिखलासारखं झालंय.

आता दुसरं. ते पत्र साहेबांनी वाचायला घेतलं तेव्हा मी तावातावाने भांडत होतो. पत्रात मुद्दा पहिला, मुद्दा दुसरा, असं चाललं होतं. चौथ्या मुद्द्यात आलं की हा इसम घरच्यांच्या नकळत हातआरसा बाळगतो. तिथे मी गप्प झालो. आरसा रखवालदारानेही बघितला होता. घरच्यांच्या नकळत, हे एकाच माणसाला ठाऊक होतं. दुरुस्तीला आलेल्या कवळीत बोट फिरवावं आणि खाच लागावी, तसं झालं. ओळखलं मी, हे आपल्याच घरचं काम.

ताईला मी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. ती अजून त्या माणसाला शिव्या घालते, मी ऐकून घेतो.

मला फार वाईट वाटलं, बारक्या. रागही आला. टेप लावली ते मी विसरेन. तू ताईला विचारलंस, साहेबांना लिहिलंस, मधे मी होतो. बाबा, तुम्ही हे काय करताय, एवढी एक ओळ मला लिहायची होतीस. मी तुला विचार म्हणून लिहिलं होतं. चार पानं उत्तर दिलं असतं.

तुझ्या बाजूनेही विचार केला. चाळीस वर्षं मी लोकांच्या तोंडात बघत बसलो, घरच्यांच्या तोंडाकडे बघायचं राहून गेलं. तू मला कशावरून ओळखणार होतास?

चित्रावर मी कुठे खाच केलेली नाही. कोपरा करताना मन थाऱ्यावर नव्हतं, तेलकट थरावर पातळ लावून बसलो. चित्रबाई ओरडल्या, पण व्हायचं ते होऊन गेलं. दोन-तीन वर्षांत तो कोपरा तडकणार. तडकला की घाबरू नकोस आणि कुणाकडे दुरुस्तीला देऊ नकोस. तीच माझी खूण समज.

खोकल्याचं औषध घेत जा.

बाबा


९ जून

ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

चित्र पोचलं. सात खिळे सरळ निघाले, आठवा आतच मोडला.

आधी हे सांगून टाकतो. मी चित्र मोजलं. तुमचं पत्र पूर्ण वाचलं, आणि तरीही उठून टेप आणली आणि मोजलं. चारी बाजूंनी एक बोट कमी. मग टेप हातात घेऊन तिथेच जमिनीवर बसलो. मला माझी लाज वाटली, बाबा. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

हो, मीच लिहिलं. ऑफिसच्या यंत्रावर, दुपारच्या सुट्टीत. ताईने नको म्हटलं होतं, तिला शब्दही दिला होता. काल रात्री एका कागदावर माझी कारणं लिहून काढली, मुद्दे घालून, आणि सकाळी फाडून टाकली. नोकरीची भीती होती, तुमचीही काळजी होती, ते सगळं खरं. पण त्याखाली आणखी एक होतं. तुमच्या त्या लांब पत्रात चित्रबाई सहा वेळा आल्या होत्या. मी मोजल्या होत्या. मी माणसांची मापं काढायला शिकलो, त्यांच्याशी बोलायचं कुठे शिकलोच नाही.

ताईला आज वेगळं पत्र टाकलंय. सगळं लिहिलंय, आरशासकट. आरसा आता तिच्यादेखत घ्या, ती देईल. मला काय काय म्हणेल ते मला पाठ आहे, म्हणू दे. संग्रहालयालाही लिहिलं, या खेपेस खाली स्वतःचं नाव घालून, की तक्रार माझी होती आणि खोटी होती, तेव्हा चित्रबाईंची किल्ली त्यांना परत द्यावी. ते पत्र माझ्या साहेबांपर्यंत जाईल. गेलं तर जाऊ दे.

चित्र खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर लावलंय. दाढी करताना आरशात उलटं दिसतं. तुम्ही म्हणता तशा चुका दिसतात का ते बघितलं. झाडं बरोबर आहेत, आकाश बरोबर आहे. कोपऱ्यातला तो माणूस नदीच्या मानाने जरा मोठा झालाय, आणि काठाच्या एका कडेला सरकून बसलाय. शेजारी बरीच जागा आहे.

पत्राच्या शेवटी लोभ असू द्या असं लिहायची आपली रीत. आज ते लिहायला हात धजत नाही. म्हणून तुम्ही सांगितलंत तेच करतो, विचारतो. बाबा, मी येऊ का?

तुमचा
बारक्या